पाण्याच्या वाटेचे मोल

येऊरच्या डोंगरावर पडलेला पाऊस वर्तकनगरच्या दाट वस्तीतून, नाल्यानाल्यांनी खाडीकडे उतरतो. ही वाट नगररचनेच्या कोणत्याही आराखड्यापेक्षा जुनी आहे. तिच्यावर पूल, मोरी वा संरक्षक भिंत बांधावयाची तर परवानगी हवी आणि परवानगीसाठी शुल्कही हवे. मात्र हे शुल्क नेमके कशाबद्दल, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

शुल्काला तत्त्वतः हरकत घेण्याचे कारण नाही. नकाशे तपासणे, प्रवाहाचे गणित मांडणे, कामाची पाहणी करणे यांस खर्च येतो. तो ज्याला बांधकामाचा लाभ त्यानेच सोसावा, हे न्यायाचे आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यात १९९२ मध्ये आलेली विकास शुल्काची तरतूद याच विचाराशी सुसंगत आहे.

धोका आहे तो पुढे. शुल्क भरले की हक्क मिळाला, अशी समजूत रूढ होते. आणि परवानग्या वाढल्या की उत्पन्न वाढते, म्हणून नकार देणे तिजोरीला जड जाते. पाण्याला मात्र पावती वाचता येत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मिठीच्या आकसलेल्या पात्राने मुंबईला आणि उल्हास नदीच्या पुराने कल्याण परिसराला हा धडा दिला.

पंचवीस वर्षांतून सरासरी एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा म्हणजे निळी पूररेषा. २०१७ मध्ये अनधिकृत बांधकामे तडजोड शुल्क घेऊन नियमित करण्याचे नियम शासनाने केले, तेव्हा त्यांतूनही नदीपात्र आणि निळ्या पूररेषेतील जागा वगळल्या होत्या. काही जागांना किंमत नसते, नकारच असतो, याची ही कबुलीच होय. नाला लहान म्हणून हा न्याय त्याला नाकारता येणार नाही.

तेव्हा छाननीचे शुल्क परवानगी मिळो वा न मिळो, सारखेच असावे. प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याच्या मानाने वेगळी अनामत घ्यावी आणि पावसाळ्यानंतर पाहणी करूनच ती परत करावी. जमलेला पैसा त्याच नाल्याच्या देखभालीवर खर्च व्हावा आणि त्याचा हिशेब नागरिकांपुढे यावा. एवढे झाले तरच ते शुल्क ठरेल; एरवी ती पाण्याच्या वाटेची विक्रीच होईल, आणि तिचे मोल पावसाळ्यात तळमजल्यावरच्या कुटुंबांना मोजावे लागेल.