सायकलमार्गाची खरी परीक्षा चौकात

रस्त्याच्या कडेला रेघ ओढून आखलेला सायकलपट्टा आणि उंच कडा, खांब किंवा झाडांच्या वाफ्यांनी मोटारींपासून तोडलेला सायकलमार्ग नकाशावर सारखेच दिसतात. रस्त्यावर मात्र रेघ कोणतीही मोटार सहज ओलांडते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे ताशी ३० ऐवजी ५० किलोमीटर वेगाने येणाऱ्या मोटारीत जवळजवळ पावणेतीनपट ऊर्जा असते. जिथे वेग कमी करता येत नाही तिथे सायकली वेगळ्या काढायच्या, हे संरक्षित मार्गांमागचे सूत्र.

नेदरलँड्समध्ये ते फार मोठी किंमत मोजून स्वीकारले गेले. १९७१ मध्ये तिथे रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. ‘बालहत्या थांबवा’ अशा नावाची चळवळ त्यातूनच उभी राहिली. १९७३ च्या तेलटंचाईने तिला बळ दिले आणि पुढच्या दशकांत देशभर सायकलमार्गांचे जाळे विणले गेले.

याच काळात अमेरिकेत सायकलस्वारीचे पुरस्कर्ते जॉन फॉरेस्टर नेमके उलटे सांगत होते. सायकल हेही वाहनच आहे, तेव्हा ती मोटारींच्या बरोबरीने, त्याच नियमांनी चालवावी. त्यांचा आक्षेप पोकळ नव्हता. बऱ्याच धडका चौकात, वाहन वळताना होतात, आणि आडोशाने आलेला सायकलस्वार चालकाला तिथेच अचानक दिसतो. कोपनहेगनमधल्या एका पाहणीतही मार्ग बांधल्यावर चौकांतले अपघात वाढलेले आढळले. पण गर्दीत सायकल दामटण्याचा हा सल्ला धडधाकट, सरावलेल्या माणसाला पेलणारा. शाळकरी मुलीला तो कसा द्यायचा?

टोरांटो आणि व्हँकुव्हरमधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये या वादावर एक देखणी पद्धत वापरली. जखमी झालेल्या ६९० सायकलस्वारांची अपघाताची जागा त्यांनी त्याच फेरीतल्या, चिठ्ठी काढल्यासारख्या निवडलेल्या दुसऱ्या जागेशी ताडून पाहिली. माणूस तोच, फेरीही तीच; त्यामुळे वय, कौशल्य, हेल्मेट यांचा फरक आपोआप गळून पडला आणि उरला तो रस्त्याचा. कडेला मोटारी उभ्या असलेल्या मोठ्या रस्त्यांच्या तुलनेत संरक्षित मार्गावरचा धोका सुमारे एक नवमांश निघाला.

चौकाचे उत्तर डच अभियंत्यांनी भूमितीत शोधले. चौकापाशी सायकलमार्ग मोटारीच्या एका लांबीइतका आत घेतात आणि कोपऱ्यावर छोटे बेट बांधतात. बेटामुळे वळण आवळले जाऊन मोटारीचा वेग पडतो. ती सायकलमार्गापाशी पोचते तोवर जवळजवळ काटकोनात वळलेली असते. सायकलस्वार मग आरशाच्या कोपऱ्यात नव्हे, थेट समोरच्या काचेतून दिसतो. मोठ्या चौकांत सायकलींना वेगळा सिग्नलही असतो.

एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्याने २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. शहरातले बरेच जुने मार्ग मात्र चौकाच्या अलीकडेच तुटतात, म्हणजे सर्वाधिक धोक्याच्या जागीच सायकलस्वार उघड्यावर येतो. आणि जिथे मार्ग सलग आहे तिथे त्यावर दुचाक्या उभ्या असतात.