स्पर्शपटल, सामायिक
घरातील अनेक व्यक्तींना एकाच वेळी बोटांनी हाताळता येणाऱ्या मोठ्या संगणकीय पडद्यास सामायिक स्पर्शपटल म्हणतात. दूरचित्रवाणी संच सर्वांचा असला, तरी त्याचे नियंत्रण एका वेळी एकाच्याच हाती राहते. मेजासारख्या आडव्या स्पर्शपटलावर सर्वांचे हात एकदम पोहोचतात. मुख्य अडचण येथेच उद्भवते. सामान्य स्पर्शपटलास स्पर्श कोठे झाला हे कळते, कोणी केला हे कळत नाही; त्यामुळे एकाने काढलेले चित्र दुसरा सहज पुसू शकतो.

अमेरिकेतील मित्सुबिशी इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत पॉल डीट्स व डॅरेन ली यांनी २००१ मध्ये मांडलेल्या ‘डायमंडटच’ मेजात यावर उपाय योजला होता. पृष्ठभागाखालील प्रत्येक वाहकातून निराळा क्षीण विद्युत् संकेत सोडलेला असे. बोट टेकताच तो शरीरातून खुर्चीतील ग्राहीपर्यंत जाई व स्पर्श कोणत्या खुर्चीवरील व्यक्तीचा हे ठरे. उपाय कल्पक खरा. पण खुर्ची सोडून उठणाऱ्या मुलांच्या घरात तो कितपत टिकणार? लेनोव्होने २०१३ मध्ये खास घरासाठी आणलेल्या २७ इंची ‘होरायझन’वर दहा बोटांचे स्पर्श एकदम नोंदले जात, व्यक्तीची ओळख मात्र नव्हती.

समोरासमोर बसणाऱ्यांपैकी एकास मजकूर उलटा दिसतो, ही दुसरी अडचण होय. स्कॉट, कारपेंडेल व इंकपेन यांच्या २००४ मधील निरीक्षणांनुसार मेजाभोवती बसलेली माणसे न ठरवताही आपल्यापुढील जागा स्वतःची व मधली सर्वांची मानतात.