अमेरिकेतील प्राथमिक शाळा आणि स्पॅनिश पुस्तकांचा प्रश्न

अमेरिकेतील सार्वजनिक शाळांमध्ये अद्याप इंग्रजी शिकत असलेल्या मुलांची संख्या ५० लाखांहून अधिक आहे. दर दहा विद्यार्थ्यांमागे साधारण एक, असे हे प्रमाण पडते. यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांच्या घरची भाषा स्पॅनिश आहे. या मुलांना इंग्रजी शिकण्यास मदत करणे शाळांवर बंधनकारक असल्याचे तेथील न्यायालयांनी पूर्वीच मान्य केले. मात्र इंग्रजी वाचता येईपर्यंत सहा-सात वर्षांच्या मुलाने कोणते पुस्तक हाती घ्यावे, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक राज्यात, किंबहुना प्रत्येक शाळेत वेगळे मिळते.

स्पॅनिश ही अमेरिकेत केवळ नव्याने आलेल्या स्थलांतरितांची भाषा नाही. फ्लोरिडातील सेंट ऑगस्टीन हे गाव स्पॅनिशांनी १५६५ मध्ये वसविले. १८४८ मध्ये मेक्सिकोबरोबरचे युद्ध संपले, तेव्हा कॅलिफोर्नियासह नैर्ऋत्येकडील विस्तीर्ण प्रदेश तेथील स्पॅनिशभाषक रहिवाशांसह अमेरिकेत सामील झाला. पोर्टो रिकोच्या लोकांना १९१७ पासून अमेरिकेचे नागरिकत्व आहे. २०२० च्या जनगणनेत हिस्पॅनिक लोकसंख्या ६ कोटी २१ लाख, म्हणजे देशाच्या जवळजवळ १९ टक्के भरली.

असे असूनही शाळेच्या दाराशी ही भाषा दीर्घकाळ अडविण्यात आली. टेक्सासमध्ये १९१८ च्या कायद्याने इंग्रजीखेरीज अन्य भाषेतून शिकविणे हा गुन्हा ठरविला होता. पालट प्रथम दिसला तो मायामीत. क्यूबातील क्रांतीनंतर आलेल्या निर्वासितांच्या मुलांसाठी १९६३ मध्ये कोरल वे प्राथमिक शाळेत अर्धा दिवस इंग्रजी व अर्धा दिवस स्पॅनिश असा प्रयोग सुरू झाला आणि त्यात इंग्रजीभाषक मुलेही सहभागी झाली. १९६८ मध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी द्विभाषिक शिक्षण कायद्यावर स्वाक्षरी केली. योगायोग असा, की तरुणपणी, १९२८ च्या सुमारास, हेच जॉन्सन टेक्सासमधील कोटुला या गावी मेक्सिकन वंशाच्या मुलांच्या शाळेत शिक्षक होते.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा म्हणजे १९७४ मधील ‘लाउ विरुद्ध निकल्स’ हा निकाल. सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी भाषक विद्यार्थ्यांच्या वतीने हा दावा लढविला गेला. सर्वांना सारखीच पाठ्यपुस्तके आणि सारखेच शिक्षक दिले म्हणजे समानता साधली असे होत नाही, कारण ज्याला भाषाच कळत नाही तो प्रत्यक्षात शिक्षणाबाहेरच राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने एकमताने म्हटले. तथापि उपाय कोणता करावा, हे न्यायालयाने सांगितले नाही. मुलांना इंग्रजीचे जादा धडे देणे हा एक मार्ग होता, त्यांच्या भाषेतून शिकविणे हा दुसरा. पुस्तकांचा प्रश्न नेमका या मोकळ्या जागेत पडून राहिला आहे. भारतीय राज्यघटनेच्या ३५०-अ या अनुच्छेदात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी पुरविण्याचा निर्देश आहे. अमेरिकेच्या घटनेत तशी तरतूद नाही.

मुलाने आधी घरच्या भाषेत वाचावे, यामागे भावनेपेक्षा व्यवहाराचा भाग मोठा आहे. वाचायला शिकणे म्हणजे कागदावरील खूण आणि कानाला ओळखीचा ध्वनी यांची सांगड घालणे. ध्वनीच ओळखीचा नसेल, तर खूण पाठ होते, अर्थ लागत नाही. स्पॅनिशला या कामी एक सोय आहे. तिच्यात पाच स्वर असून त्यांचे उच्चार बहुतेक ठिकाणी स्थिर राहतात. तेथील वर्गात मुले ‘मा, मे, मी, मो, मू’ असा पाठ म्हणतात. बाराखडी घोकलेल्या मराठी वाचकाला ही पद्धत लगेच ओळखू येईल. इंग्रजी वर्णलेखनातील अपवादांचे जंजाळ या मुलांना वाचनाचे तंत्र साधल्यानंतर भेटले, तर ते त्याला अधिक सहज तोंड देऊ शकतात. शब्द तोडून वाचणे, संदर्भावरून अर्थ ताडणे, गोष्टीत पुढे काय होईल याचा अंदाज बांधणे ही कौशल्ये भाषा बदलली तरी मुलाजवळच राहतात.

ओरेगन राज्यातील पोर्टलंड शहरात या दृष्टीने विशेष उपयुक्त अभ्यास झाला. तेथील द्विभाषिक वर्गांचे प्रवेश सोडत काढून दिले जात असल्याने प्रवेश मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांची तुलना करणे शक्य झाले. द्विभाषिक वर्गांतील मुले इंग्रजी वाचनात पाचवीपर्यंत सुमारे सात महिने आणि आठवीपर्यंत सुमारे नऊ महिने पुढे असल्याचे त्यात आढळले. दुसऱ्या भाषेला वेळ दिल्याने इंग्रजी मागे पडते, या समजाला हे निष्कर्ष छेद देणारे आहेत.

हा समज राजकारणात मात्र प्रभावी ठरला. कॅलिफोर्नियातील मतदारांनी १९९८ मध्ये प्रस्ताव क्रमांक २२७ संमत करून द्विभाषिक वर्गांवर कडक मर्यादा घातल्या. त्या वेळचे आक्षेप सर्वस्वी निराधार नव्हते. काही शाळांत मुले वर्षानुवर्षे वेगळ्या वर्गात राहत आणि तरीही त्यांना धड इंग्रजी येत नसे, ही पालकांची तक्रार खरी होती. पण दोष अंमलबजावणीचा आणि शिक्षा भाषेला, असे झाले. ॲरिझोनाने २००० मध्ये आणि मॅसॅच्युसेट्सने २००२ मध्ये तोच मार्ग धरला. कॅलिफोर्नियाने २०१६ मध्ये प्रस्ताव ५८ द्वारे निर्बंध उठविले, तेव्हा वर्ग पुन्हा सुरू करायला निघालेल्या शाळांना द्विभाषिक शिक्षकांची टंचाई जाणवली. पुस्तकांची कपाटेही कायद्यासरशी भरत नाहीत.

टेक्सासची स्थिती तुलनेने बरी. एका इयत्तेत एकच घरभाषा असलेली, इंग्रजी शिकणारी किमान २० मुले जिल्ह्यात असल्यास प्राथमिक स्तरावर द्विभाषिक शिक्षण देणे तेथे बंधनकारक आहे. स्पॅनिश पाठ्यपुस्तकेही उपलब्ध असतात. परंतु पाठ्यपुस्तकाने वाचनाची सवय लागत नाही. ती लागते आवडीने उचललेल्या, पुन्हा पुन्हा वाचलेल्या गोष्टीच्या पुस्तकाने.

आणि अडचण येथेच आहे. बाजारात मिळणारी अनेक स्पॅनिश बालपुस्तके इंग्रजीवरून अनुवादित असतात. लहान मुलांच्या पुस्तकांत यमक आणि ध्वनी हाच प्राण असतो, आणि अनुवादात नेमका तोच निसटतो. इंग्रजी अक्षरमालेत पहिल्या अक्षरासमोर सफरचंद असते. स्पॅनिशमध्ये सफरचंद म्हणजे ‘मान्साना’, तेव्हा ते चित्र भलत्याच पानावर जायला हवे. शिवाय स्पॅनिश एकजिनसी नाही. पतंगाला मेक्सिकोत ‘पापालोते’ म्हणतात, पोर्टो रिकोत ‘चिरिंगा’, ग्वाटेमालात ‘बार्रिलेते’, तर स्पेनमध्ये ‘कोमेता’. स्पेनमध्ये छापलेल्या पुस्तकात ‘तुम्ही’साठी जे सर्वनाम येते, ते मेक्सिकन घरात कोणी बोलत नाही. एकाच वर्गात या सर्व देशांची मुले बसलेली असताना पुस्तक निवडणाऱ्या ग्रंथपालाला स्वतःला स्पॅनिश येत नसेल, तर निवड अंदाजानेच होते.

द्विभाषिक पुस्तकांची मांडणीही दुर्लक्षिण्याजोगी नाही. पानाच्या वरच्या भागात ठळक इंग्रजी आणि खाली बारीक, तिरप्या टंकातील स्पॅनिश अशी रचना असली, की कोणती भाषा मोठी हे मूल शब्द न वाचताच शिकते. दोन्ही मजकूर समान टंकात आणि समान जागेत असले, तर तीच दोन पाने वेगळे काही सांगतात.

ही उणीव फार पूर्वी ओळखणाऱ्या व्यक्तींत पुरा बेलप्रे यांचे नाव अग्रभागी आहे. मूळच्या पोर्टो रिकोच्या बेलप्रे १९२१ मध्ये न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयात रुजू झाल्या. लहानपणी ऐकलेल्या गोष्टींपैकी एकही त्यांना तेथील फडताळांवर आढळली नाही. त्यांनी मुलांना त्या दोन्ही भाषांत सांगायला सुरुवात केली, बाहुल्यांचे खेळ केले आणि मार्टिना नावाचे झुरळ व पेरेझ नावाचा उंदीर यांची लोककथा १९३२ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. त्यांच्या नावाने १९९६ पासून लॅटिनो लेखक आणि चित्रकारांच्या बालपुस्तकांना पुरस्कार दिला जातो. प्रकाशनाचा भार मुख्यतः लहान संस्थांनी उचलला. सॅन फ्रान्सिस्कोतील ‘चिल्ड्रन्स बुक प्रेस’ने १९७५ पासून द्विभाषिक चित्रपुस्तके काढली. ह्यूस्टन विद्यापीठातील ‘आर्ते पुब्लिको प्रेस’ने १९९४ मध्ये मुलांसाठी ‘पिन्याता बुक्स’ ही शाखा उघडली. तरीही विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या बालपुस्तक केंद्राने २०१८ मधील पुस्तकांची पाहणी केली, तेव्हा लॅटिनो पात्रे असलेली पुस्तके अवघी ५ टक्के होती. प्राणी व तत्सम पात्रांची पुस्तके २७ टक्के होती.

पुस्तक शाळेतून घरी जाते, तेव्हा त्याचे महत्त्व अधिक स्पष्ट होते. केवळ इंग्रजी पुस्तक घरी आले, तर स्पॅनिश वाचणाऱ्या आईला मुलाशेजारी गप्प बसावे लागते. कित्येकदा मूलच आईला अर्थ सांगू लागते आणि घरातील वडीलधारेपणाची जागा उलटते. द्विभाषिक पुस्तकात आई एक पान वाचते, मूल दुसरे. महाराष्ट्राबाहेर मुलांना मराठी वाचायला शिकविणाऱ्या कुटुंबांना ही स्थिती, भाषा बदलून, परिचयाची असेल. कवयित्री पॅट मोरा यांच्या पुढाकाराने १९९६ पासून ३० एप्रिल हा दिवस अनेक ग्रंथालयांत बालके आणि पुस्तके यांचा दिवस म्हणून साजरा होतो, त्यामागे हाच विचार आहे.

१ मार्च २०२५ रोजी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी आदेश काढून इंग्रजीला देशाची अधिकृत भाषा घोषित केले. या आदेशाने शाळेतील स्पॅनिश पुस्तकांवर बंदी आलेली नाही, कारण अभ्यासक्रम आणि ग्रंथालयाची खरेदी या बाबी राज्ये व स्थानिक शालेय मंडळांच्या अखत्यारीत आहेत. अर्थात, निर्णय स्थानिक असल्याने तरतूदही स्थानिकच करावी लागते. अमेरिकी ग्रंथालय संघटनेच्या साहाय्याने काही ग्रंथपाल मेक्सिकोतील ग्वादालाहारा येथील आंतरराष्ट्रीय पुस्तक मेळ्यास जातात आणि मूळ स्पॅनिशमध्ये लिहिलेली बालपुस्तके स्वतः पाहून, चाळून विकत घेतात. छोट्या गावातील शाळेला हा प्रवास परवडणारा नसतो. तिला पुरवठादाराच्या सूचीवर खुणा करून मिळेल ते मागवावे लागते.