ग्रुपवरचा फोटो फ्रेमला दिला आणि चेहराच हरवला : फोनमधल्या फोटोचं नेमकं होतं काय?

घरात एक इंजिनीअर असला की बिघडलेला प्रिंटर, न येणारा ओटीपी आणि 'मेमरी फुल' झालेला मोबाइल या सगळ्याची जबाबदारी आपोआप त्याच्यावर येते. माझी पदवी कॉम्प्युटरची आणि नोकरी बातम्यांची, पण सांगलीच्या घरी मी अजूनही 'मोबाइलमधलं कळणारा'च आहे. त्यामुळे यंदा फेब्रुवारीत थोरले काका गेले तेव्हा पहिल्या दिवसाची धावपळ ओसरल्यावर माझ्या वाट्याला काम आलं ते हेच. 'तात्यांच्या फोटोचं तू बघ.'

फोटो कोणता घ्यायचा यावर दुमत नव्हतं. चार वर्षांपूर्वी थोरल्या चुलत बहिणीच्या लग्नात चुलत भावानं काढलेला. चौघं उभे आहेत, तात्या कडेला, कुणाच्या तरी बोलण्यावर हसताहेत. एसटीत वाहक म्हणून आयुष्य गेलेल्या माणसाचे फोटो तसे मोजकेच. हा फोटो चौकातल्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर लागला आणि चांगला दिसला. म्हणून तोच फ्रेमवाल्याला पाठवला. आठ बाय दहा इंचाची फ्रेम हवी होती. त्यानं फाइल कॉम्प्युटरवर उघडली, मोठी केली आणि विचारलं, 'ओरिजिनल नाही का? हा ग्रुपवरचा दिसतोय.'

ओरिजिनल नव्हता. ज्या फोनवर काढला तो भावानं एक्स्चेंजमध्ये देऊन टाकला होता. ऑनलाइन बॅकअप होता, पण जागा संपल्यामुळे तो लग्नाच्या आधीच थांबलेला होता. 'स्टोरेज फुल'ची सूचना येत होती, ती तो रोज बाजूला सारत होता. उरली होती ती फॅमिली ग्रुपवरची प्रत. चाळीसेक लोकांच्या फोनमध्ये होती आणि सगळ्यांकडे सारखीच होती.

फ्लेक्सवर चालला, मग फ्रेममध्ये का नाही?

फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी. हे ठिपके म्हणजे पिक्सेल. १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा फोटो साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो, म्हणजे एक कोटी वीस लाख ठिपके. मेसेजिंग ॲपवर साध्या पद्धतीनं पाठवला की डेटा वाचावा म्हणून तो लहान केला जातो. आमच्या ग्रुपवरची प्रत १६०० बाय १२०० होती. हिशेब केला तर मूळच्या सहा ठिपक्यांमागे जेमतेम एक उरला.

त्यात चौघं उभे. तात्यांपुरता भाग कापून घेतला तर हातात आले ४८० बाय ६०० पिक्सेल. ते आठ बाय दहा इंचांवर पसरायचे, म्हणजे एका इंचात ६० ठिपके. हातात धरून बघायच्या छपाईसाठी इंचाला ३०० ठिपके चांगले मानतात, दीडशेपर्यंत खपून जातं. साठ म्हणजे नाकाची कड कुठे संपते आणि गाल कुठे सुरू होतो हे कळत नाही. मूळ फाइल असती तर तोच भाग १२०० बाय १५०० चा निघाला असता, म्हणजे बरोबर दीडशे. आमचं काम भागलं असतं.

फ्लेक्स आपण पंधरा-वीस फुटांवरून बघतो. तिथून डोळ्याला ठिपके वेगळे दिसतच नाहीत, मेंदू ते जोडून घेतो. दिवाणखान्यातल्या फ्रेमपुढे मात्र माणूस हातभर अंतरावर उभा राहतो. काकू तर त्याहून जवळ.

केबी कमी होतात तेव्हा फोटोतून काय जातं?

ठिपके कमी होणं हा एक भाग झाला. दुसरं नुकसान डोळ्याला पटकन दिसत नाही. ते जेपीजीमुळे होतं. हा प्रकार १९९२ साली प्रमाणित झाला आणि आजही आपले बहुतेक फोटो त्यातच असतात.

जेपीजी फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडतं. एका चौकोनातले ६४ आकडे घेऊन त्यांचं एका गणिती पद्धतीनं रूपांतर करतं. त्यातून कळतं की या चौकोनात संथ, पसरट बदल किती आहे आणि बारीक, झटपट बदल किती. आकाशाचा चौकोन जवळजवळ पूर्ण संथ. दाढीचे खुंट किंवा साडीची जर असेल तर बारीक बदल भरपूर. माणसाचा डोळा बारीक बदलांकडे कानाडोळा करतो, म्हणून ते आकडे ढोबळ केले जातात, बरेचसे तर थेट शून्य होतात. शून्यांच्या रांगा साठवायला जागा फारशी लागत नाही. फाइल लहान होते ती इथे. फेकलेले आकडे परत मिळत नाहीत. फोटो पुन्हा एडिट करून सेव्ह केला की पुन्हा काही आकडे ढोबळ होतात.

या गणिती पद्धतीमागे आपल्याकडचा माणूस आहे, हे मला इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. बेंगळुरूत जन्मलेले आणि तिथेच इंजिनीअरिंग शिकलेले नासिर अहमद यांनी १९७२ मध्ये ही कल्पना मांडून अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे निधी मागितला. तो मिळाला नाही. कल्पना फारच सोपी वाटली असावी, असं त्यांनी स्वतःच पुढे लिहिलं. तरी त्यांनी काम सोडलं नाही, आणि १९७४ मध्ये टी. नटराजन आणि के. आर. राव या सहकाऱ्यांसोबत शोधनिबंध प्रसिद्ध केला. 'डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म' हे तिचं नाव. परीक्षेत आम्ही ते सूत्र पाठ करून लिहिलं होतं.

एक गैरसमज मात्र काढून टाका. फाइल नुसती कॉपी केल्यानं फोटो खराब होत नाही. पेन ड्राइव्हवर शंभर वेळा टाका, एकही पिक्सेल हलणार नाही. ॲप किंवा वेबसाइट फोटो नव्यानं दाबते तेव्हाच तो बिघडतो. स्क्रीनशॉट तर त्याहून वाईट. १०८० पिक्सेल रुंदीच्या फोनवर आडवा फोटो उभ्या स्क्रीनमध्ये बघत स्क्रीनशॉट घेतला, तर फोटोच्या वाट्याला १०८० बाय ८१० एवढेच ठिपके येतात.

एआय ॲपनं फोटो स्वच्छ केला, पण कुणाचा?

फ्रेमवाल्याकडून परत आलो आणि रात्री मी तेच केलं जे कुणीही करेल. फोटो 'एन्हान्स' करणारं एक एआय ॲप उतरवलं. अर्ध्या मिनिटात चेहरा लख्ख. डोळ्यांत चमक, भुवयांचा केस न् केस मोकळा. मला स्वतःवर खूश व्हायला झालं.

सकाळी काकूंना दाखवला. त्यांनी फोन हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, 'छान आलाय रे. पण हे ते नाहीत.'

मग मी नीट पाहिलं. तात्यांच्या कपाळावर एसटीच्या दाराचा कोपरा लागल्याची जुनी खूण होती, ती गेली होती. डाव्या डोळ्याची पापणी किंचित खाली असायची, ती उजव्या डोळ्यासारखी झाली होती. ॲपनं चूक केली असंही म्हणता येत नाही. पुसट फोटोत ती माहिती नव्हतीच. अशी सॉफ्टवेअर लाखो चेहऱ्यांवर शिकलेली असतात. समोरचे धूसर ठिपके कुठल्या चेहऱ्याचे असू शकतील याचा अंदाज बांधून ती नवा तपशील रंगवतात. खूण बहुतेकांच्या कपाळावर नसते, म्हणून इथेही नसणार, असा तो हिशेब. २०२० मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात तयार झालेल्या 'पल्स' या साधनाला कुणीतरी बराक ओबामांचा धूसर फोटो दिला, तर त्यातून एका गोऱ्या माणसाचा चेहरा बाहेर आला होता. त्यावर तेव्हा बराच वाद झाला.

गेलेल्या माणसाच्या बाबतीत मला हा प्रकार जास्त त्रासदायक वाटतो. तो फोटो भिंतीवर लागला असता, तर दहा वर्षांनी घरातल्या लहान मुलांना तोच चेहरा तात्यांचा म्हणून आठवला असता.

तोडगा फ्रेमवाल्यानंच काढला. 'निवृत्तीच्या कागदांत पासपोर्ट साइझ फोटो असेल बघा.' पेन्शनच्या फाइलीत होता, स्टुडिओत काढलेला, ३५ बाय ४५ मिलिमीटर. त्यानं तो ६०० डीपीआयवर स्कॅन केला : सुमारे ८२७ बाय १०६३ पिक्सेल. स्कॅनरमुळे कागदावर नसलेलं काही उगवत नाही हे खरं, पण कागदावर जे होतं ते ग्रुपवरच्या प्रतीपेक्षा बरंच जास्त होतं. आठ बाय दहाचा हट्ट सोडून आम्ही पाच बाय सातवर आलो. कपाळावरची खूण दिसते.

उलटा प्रश्न : फोटो लहान का होत नाही?

त्याच आठवड्यात घरात दुसरं संकट होतं. तात्यांची धाकटी मुलगी बँक भरतीचा फॉर्म भरत होती आणि शेवटची तारीख तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी होती. अशा फॉर्ममध्ये नेहमी दिसणारी मापं : फोटो २०० बाय २३० पिक्सेल, २० ते ५० केबी. सही १४० बाय ६० पिक्सेल, १० ते २० केबी. तिचा फोटो चार एमबीचा. तिनं गुगलवर सापडलेल्या पहिल्या वेबसाइटवर तो '५० केबीच्या आत' करून घेतला. चेहऱ्यावर चौकोन चौकोन. दुसऱ्यांदा केला तर १४ केबी झाला आणि फॉर्मनं 'फारच लहान' म्हणून परत पाठवला. रात्रीचे अकरा, डोळे आधीच रडून सुजलेले.

चूक क्रमाची होती. त्या वेबसाइटनं आधी ४००० बाय ३००० चा अख्खा फोटो तसाच ठेवून ५० केबीत कोंबला होता. एक कोटी वीस लाख ठिपके इतक्या कमी जागेत बसवायचे तर चौकोन दिसणारच. आधी २०० बाय २३० वर कापायचं. मग फक्त ४६ हजार ठिपके उरतात आणि ५० केबीत ते ऐसपैस मावतात. फाइल २० केबीच्या खाली गेली तर 'क्वालिटी'ची पट्टी वर सरकवायची. बस्स. डीपीआयच्या आकड्यानं घाबरू नका, ती फाइलला चिकटवलेली छपाईपुरती चिठ्ठी असते. स्क्रीनवर पिक्सेलच मोजले जातात.

सही आडवी अपलोड होत होती, त्याचंही कारण असंच चिठ्ठीचं. फोन आडवा-उभा कसाही धरा, सेन्सर चित्र एकाच दिशेनं साठवतो आणि 'हे ९० अंशांत फिरवून दाखवा' अशी नोंद फाइलमध्ये करतो. गॅलरी ती नोंद वाचते, काही वेबसाइट वाचत नाहीत. फोटो क्रॉप करून नवी फाइल सेव्ह केली की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. आयफोनवाल्यांची आणखी एक अडचण असते. २०१७ पासून तिथे फोटो एचईआयसी प्रकारात साठतात आणि पुष्कळ सरकारी फॉर्म ते घेत नाहीत. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडलं की जेपीजी मिळतं.

मला खरी धडकी भरली ती वेगळ्याच कारणानं. फोटोबरोबर तिनं आधार कार्डही त्याच अनोळखी वेबसाइटवर लहान करून घेतलं होतं. तिथे फाइल त्यांच्या सर्व्हरवर जाते. पुढे तिचं काय होतं हे आपल्याला कळायला मार्ग नाही. गुगलच्या क्रोम टीमनं २०१८ मध्ये आणलेलं 'स्क्वूश' हे मोफत साधन ब्राउझरमध्ये, म्हणजे तुमच्याच फोनवर काम करतं. कुठल्याही साधनाची परीक्षा घ्यायची सोपी रीत सांगतो : पान उघडा, मग मोबाइलचं नेट बंद करा आणि फोटो लहान करून बघा. झाला, तर काम फोनमध्येच होतंय. अडकला, तर फाइल बाहेर जात होती. आणि जिथे चालत असेल तिथे शेवटचे चारच अंक दाखवणारं 'मास्क्ड आधार' द्या.

मूळ फोटो टिकवायचा कसा?

व्हॉट्सॲपवर २०२३ पासून फोटो पाठवताना 'एचडी'चा पर्याय आहे. त्यात साध्यापेक्षा जास्त तपशील राहतो, पण फाइल जशीच्या तशी जायला हवी असेल तर ती 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. मात्र डॉक्युमेंटबरोबर फोटो कुठे आणि कधी काढला याची नोंदही जाऊ शकते, म्हणून घरातले फोटो परक्यांना असे पाठवू नका.

गुगल फोटोजमध्ये १ जून २०२१ पासून फोटो १५ जीबीच्या मोफत जागेत मोजले जातात, आणि ती जागा जीमेल आणि ड्राइव्हसोबत वाटून घ्यावी लागते. 'ओरिजिनल क्वालिटी' आहे की 'स्टोरेज सेव्हर' हे एकदा सेटिंगमध्ये जाऊन बघा. जुन्या फोनचं विसरलेलं खातं असेल तर त्यात आजच लॉग-इन करा. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती हटवण्याचं गुगलचं धोरण आहे. फोन एक्स्चेंजला देण्याआधी तर 'डीसीआयएम' फोल्डर उचलून लॅपटॉपवर किंवा पेन ड्राइव्हवर ठेवाच.

बहिणीचा फॉर्म शेवटच्या दिवशी दुपारी भरून झाला. आमच्या ग्रुपवर चुलत भाऊ आता प्रत्येक फोटो डॉक्युमेंट म्हणून टाकतो, आणि आत्या तक्रार करते की नुसती फाइल दिसते, फोटो दिसत नाही, डाउनलोड कोण करणार. मग तो तिच्यासाठी तोच फोटो पुन्हा एकदा साधा पाठवतो.