साखरेचा माग, पेशींचा माग

महाधमनी फुगून फुटण्याच्या बेतात आली, की शल्यविशारद तेथे कृत्रिम नळी बसवतात. ही नळी बहुधा डेक्रॉनची, म्हणजे पॉलिएस्टरची असते. १९५०च्या दशकात अमेरिकेतील मायकेल डिबेकी यांनी अशा नळ्या चक्क शिवणयंत्रावर शिवल्या होत्या. या नळ्यांनी असंख्य माणसे वाचवली. पण त्यांच्यासोबत एक नवे दुखणेही आले. नळीवर जंतू बसले तर ते सहजी निघत नाहीत. स्टॅफिलोकोकससारखे जंतू स्वतःभोवती चिकट पापुद्रा तयार करतात आणि त्याच्या आडून प्रतिजैविकांना दाद देत नाहीत. दूषित नळी तशीच ठेवावी तर रक्तस्रावाने रोगी दगावण्याची भीती; काढावी तर ती शस्त्रक्रियाच जिवावर बेतणारी.

अणुवैद्यकात काम करताना हा पेच माझ्यापुढे अनेकदा येतो. बारीक ताप हटत नाही, वजन उतरते, पण रक्तात जंतू सापडत नाहीत. सीटी स्कॅनमध्ये नळीभोवती पू किंवा हवा दिसली तर निदान सोपे असते. संसर्ग धिम्या गतीचा असेल तर मात्र सीटी निरुत्तर होतो. तो आकार दाखवतो. आम्हाला पाहायची असते तिथे चाललेली क्रिया.

त्यासाठी पहिले साधन म्हणजे पेट-सीटी. एफडीजी हा ग्लुकोजचाच एक बदललेला रेणू. त्याला फ्लोरीन-१८ हा किरणोत्सारी अणू जोडलेला असतो. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना भरपूर साखर लागते, म्हणून त्या एफडीजी ओढून घेतात. पण पुढे त्याचे पचन होत नाही आणि तो पेशीतच अडकून राहतो. तासाभराने चित्र घेतले, की लढाईची जागा उजळलेली दिसते. १९७६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात हे द्रव्य माणसाला प्रथम टोचले गेले, ते मेंदूच्या अभ्यासासाठी. संसर्गाच्या शोधात त्याचा उपयोग पुढे रुळला.

मात्र उजळलेले सगळेच दूषित नसते. शरीर परक्या कापडाशी जुळवून घेतानाही दाह होतो. त्यामुळे निरोगी नळीदेखील फिकट चमकते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत तर फसगतीची शक्यता अधिक. म्हणून मी केवळ उजेड मोजत नाही, त्याची ठेवण पाहतो. नळीच्या लांबीभर सारखा पसरलेला मंद उजेड बहुधा निरुपद्रवी. एकाच ठिकाणी साकळलेला, प्रखर, कडा वेडीवाकडी असलेला ठिपका संशयास्पद.

शंका उरली तर दुसरे साधन हाती घ्यावे लागते. रोग्याचेच सुमारे ५० मिलिलिटर रक्त काढून त्यातील पांढऱ्या पेशी वेगळ्या करायच्या, त्यांना टेक्नेशियम-९९एम जोडायचे आणि त्या पुन्हा शिरेतून सोडायच्या. मग त्या कुठे जमतात ते गॅमा कॅमेऱ्याने पाहायचे. चित्रे काही तासांनी आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी घेतात. खरा संसर्ग असेल तर जमाव काळाबरोबर वाढतो; नुसता दाह असेल तर तो सहसा ओसरतो. या पद्धतीची साक्ष अधिक नेमकी, पण काम वेळखाऊ. पेशी जिवंत राहिल्या पाहिजेत आणि बाहेरचा जंतू शिरता कामा नये.

आपल्याकडे या निवडीला भूगोलही आहे. फ्लोरीन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मे होते, त्यामुळे सायक्लोट्रॉनपासून फार दूर ते पोचवणे अवघड. देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ साली परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये आला. टेक्नेशियमचे तसे नाही. ते मॉलिब्डेनमच्या जनित्रातून रुग्णालयातच रोज काढता येते. पण पेशींवर काम करणारी निर्जंतुक खोली आणि सरावलेला हात सर्वत्र नसतो.

म्हणूनच अहवालात मी ‘संसर्ग आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच लिहून थांबत नाही. उजेड नळीवर आहे की भोवतीच्या मांसात, शस्त्रक्रियेला किती दिवस झाले, प्रतिजैविके चालू होती का, हे सारे नोंदवतो. चित्र पाहून नळी काढायची की ठेवायची, हे शल्यविशारदाला ठरवायचे असते, आणि त्या निर्णयाला रोग्याची संमती लागते. त्या दोघांनाही आपण किती खात्रीने बोलतो आहोत हे कळले पाहिजे.