पावसाचा हिशेब आणि कृष्णपुऱ्याची नदी

पावसाळा सरत आला की यंदा किती इंच पाऊस झाला याची चर्चा घरोघरी, बाजारात आणि कचेऱ्यांतून होते. वृत्तपत्रेही आकडे छापतात आणि गतवर्षाच्या आकड्यांशी त्यांची तुलना करतात. परंतु पडलेल्या पावसापैकी किती पाणी आकाशाने परत नेले आणि किती ओल जमिनीच्या पोटात राहिली, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. केवळ जमेची बाजू पाहून खर्चाची वही न उघडणाऱ्या व्यापाऱ्याची जी गत होते, तीच गत पावसाचे आकडे पाहून निश्चिंत होणाऱ्या समाजाची होते. लहान नद्यांच्या बाबतीत तर हे विशेषच खरे आहे. त्याचे बोलके उदाहरण मराठी माणसाच्या परिचयाच्या एका नगरीत, होळकरांच्या इंदूरात, पाहावयास मिळते.

इंदूरच्या राजवाड्यापासून हाकेच्या अंतरावर कृष्णपुरा आहे. कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव होळकर यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या तेथील छत्र्या ज्या नदीच्या काठी आहेत, ती खान नदी. तिलाच आता कान्ह असेही म्हणतात. शहराच्या दक्षिणेस उगम पावून, वाटेत सरस्वती नावाच्या ओढ्याएवढ्या नदीस पोटात घेऊन ती उत्तरेकडे जाते आणि उज्जयिनीच्या अलीकडे त्रिवेणीस क्षिप्रेला मिळते. खोरे लहान, उगमाशी हिमशिखर नाही की घनदाट अरण्य नाही. जो काही आधार आहे तो चार महिन्यांच्या पावसाचा आणि मालव्याच्या काळ्या मातीने धरून ठेवलेल्या ओलीचा.

हा आधार हवामानाच्या लहरीवर कसा हेलकावतो, हे समजून घेण्यासारखे आहे. पाण्याची वाफ जमिनीवरून आणि तळ्यांवरून होते, तशीच ती पिकांच्या व वृक्षांच्या पानांतूनही होते. पहिले बाष्पीभवन आणि दुसरे बाष्पोत्सर्जन. दोहोंची गती ठरविणारे घटक चार आहेत : ऊन, उष्णता, वारा आणि हवेचा कोरडेपणा. आमच्या किनाऱ्यावर ऊन कडक असले तरी हवा आधीच बाष्पाने भरलेली असते. ती जमिनीकडून अधिक पाणी घेण्यास फारशी उत्सुक नसते. अंगावरचा घाम वाळत नाही, त्याचे कारणही हेच. मालव्यात मे महिन्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो, कोरडे वारे सुटतात आणि उघड्या पाण्यातून दिवसाला दहा मिलिमीटरांच्या वर पाणी उडून जाते. एक हेक्टर पाण्यावर दहा मिलिमीटर म्हणजे एक लाख लिटर! साठ दिवस असे गेले, तर तळ्यातील गुडघ्याहून अधिक खोलीचे पाणी एकाही माणसाने घागर न बुडविता नाहीसे होते. इंदूरला वर्षाकाठी सुमारे ९५० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तेथील आकाशाची वर्षभराची तहान त्याहून बरीच मोठी आहे.

असे असूनही नद्या वाहत होत्या, त्या कशामुळे? आषाढ-श्रावणात आभाळ झाकलेले असते, हवा ओली असते, वाफ कमी होते. उन्हाळ्यात भेगाळलेली काळी जमीन पहिल्या सरी त्या भेगांतून पोटात घेते आणि पुढे फुगून भेगा मिटविते. मग मुरणे मंदावते आणि उरलेले पाणी ओढ्यांना मिळते. पाऊस रयाने पडला तर जमीन तृप्त होते. तोच पाऊस चार मुसळधार दिवसांत आटोपला आणि मध्ये पंधरा दिवसांचे कोरडे ऊन पडले, तर निम्मे पाणी वाहून जाते आणि मुरलेली ओलही वर खेचली जाते. वर्षअखेरीस पर्जन्यमापकावरचा आकडा तोच राहतो, शेतातला वाफसा आणि विहिरीचा तळ मात्र वेगळीच गोष्ट सांगतात.

जुन्या मालवी शेतकऱ्याला हे शास्त्राच्या भाषेत ठाऊक नव्हते, पण व्यवहारात पुरते ठाऊक होते. पावसाळ्यात पुष्कळशी रानें तो मोकळी ठेवी, वखराच्या पाळ्या देऊन तण मारी, आणि जमिनीने साठविलेल्या ओलीवर रब्बीचा गहू काढी. विहिरीला हात न लावता पीक येत असे. पावलोपावली पाणी असलेला मुलूख ही मालव्याची ख्याती या शहाणपणावर उभी होती. १९७० नंतर तेथे सोयाबीन आले आणि झपाट्याने पसरले. १९८७ साली त्याच्या संशोधनाचे राष्ट्रीय केंद्रही इंदूरातच निघाले. शेतकऱ्याच्या हाती दोन पैसे आले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण जी ओल गव्हासाठी राखली जाई ती आता पावसाळी पीकच पिऊ लागले. गव्हासाठी नलिकाकूप खोदणे भाग पडले. काळ्या पाषाणाच्या भेगांतून पाझरून हिवाळ्यात ओढ्यांना जिवंत ठेवणारे पाणी पंपांनी वर आले आणि पानांवाटे आकाशात गेले.

शहरानेही आपला वाटा उचलला. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास लागणारी उष्णता, तेच पाणी गोठणबिंदूपासून उकळीपर्यंत तापविण्यास लागणाऱ्या उष्णतेच्या पाचपटींहून अधिक असते. ओली जमीन आणि झाडे उन्हाचा ताप या कामी खर्च करतात, म्हणून त्यांच्या सान्निध्यात गारवा असतो. जमीन सिमेंटने झाकली की तोच ताप भिंतींत व रस्त्यांत साठतो आणि रात्री बाहेर पडतो. मालव्याच्या ज्या शीतल रात्रींची कीर्ती दूरवर होती, त्यांचे रहस्य अशा रीतीने मातीच्या ओलीतही दडलेले होते. त्यात भर म्हणजे तापमान एका अंशाने वाढले की हवेची बाष्प सामावून घेण्याची शक्ती सुमारे सात टक्क्यांनी वाढते. जगाचे हवामान तापत असताना आकाशाची तहान वाढणार, कमी होणार नाही.

इंदूरने यावर उपाय शोधला तो दूरवरून पाणी आणण्याचा. १९७८ साली नर्मदेचे पाणी घाट चढून शहरात आले. लक्षावधी लोकांची तहान भागली, आणि त्याच वेळी जवळच्या नदीची आठवण पुसली गेली. आज उन्हाळ्यात कृष्णपुऱ्याशी जे वाहते ते बव्हंशी शहराने वापरून सोडलेले पाणी आहे, खोऱ्याने दिलेले नव्हे. २०१४ साली क्षिप्रेतही नर्मदेचे पाणी सोडावे लागले. २०१६ च्या सिंहस्थापूर्वी खानचे पाणी स्नानाच्या घाटांपासून दूर वळविण्यासाठी मोठी नळवाहिनी टाकावी लागली. इंदूर महापालिकेने नदीत पडणारे गटारांचे ओघ अडविण्याचे परिश्रम केले, हे मान्य केलेच पाहिजे. पण स्वच्छ केलेली नदी आणि जिवंत नदी यांत अंतर आहे. २०२८ साली उज्जयिनीस पुन्हा सिंहस्थ भरेल. तीर्थाचे पावित्र्य घाटाच्या पायऱ्यांवर राखता येत नाही. ते वरच्या अंगाच्या शेतांतील ओलीत राखावे लागते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे सांगणारे द्रष्टे इंदूरला लाभले नव्हते असे नाही. नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ साली होळकर दरबारास सादर केलेल्या अहवालात नदीकाठ आणि बागा यांना मानाचे स्थान दिले. १९२४ पासून १९३१ पर्यंत अल्बर्ट हॉवर्ड यांनी तेथील संस्थेत यशवंत वाड यांच्या सहकार्याने काडीकचरा व शेण यांपासून खत करण्याची पद्धती सिद्ध केली, तीच इंदूर पद्धती म्हणून जगभर गाजली. असे खत मातीला अन्न देते आणि ओल धरून ठेवण्याचे बळही देते. म्हणजे रोग जेथे बळावला, औषधही तेथेच सिद्ध झाले होते!

या दूरच्या नदीची कथा गोमंतकीय वाचकांस सांगण्याचे प्रयोजन उघड आहे. आमच्याकडे इंदूरच्या तिपटीएवढा, सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तरीही वैशाखात अनेक वाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. दमट हवेमुळे आकाश आमच्याकडून कमी पाणी नेते, पण जांभ्या दगडाची जमीन ते फार काळ धरून ठेवीत नाही. डोंगरमाथ्यावरची झाडी, पालापाचोळा, कुळागरांतील झरी आणि हिवाळ्यात घातले जाणारे बांध हीच आमची ओलीची तिजोरी आहे. साळावली आणि ओपा येथून नळाने पाणी येते म्हणून गावची झर उपेक्षिली, तर आमच्या लहान नद्यांचीही खानच होईल.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक लहान खोऱ्यात पर्जन्यमापकाच्या जोडीला बाष्पीभवन मोजण्याचे पात्र असावे आणि मातीच्या ओलीचे मापन नियमाने व्हावे. हे आकडे पावसाच्या आकड्यांप्रमाणेच जाहीर व्हावेत. पणजीची वेधशाळा आणि जुने गोवे येथील कृषी संशोधन संस्था यांच्या मार्गदर्शनाने पंचायती व शाळा हे काम सहज करू शकतील. त्यास मोठ्या धरणाचा खर्च नाही की परप्रांताशी तंटा नाही. आकाशाची तहान आपल्या हाती नाही, परंतु मातीचे सामर्थ्य आपल्या हाती आहे. ज्या समाजाला आपल्या पायाखालची ओल मोजता येत नाही, त्याला दुसऱ्याच्या नदीकडे हात पसरण्यावाचून गत्यंतर उरत नाही.