क्षारपड शिवार आणि पर्यावरणाचा पेपर

पर्यावरण हा विषय महाविद्यालयीन शिक्षणात सक्तीचा करण्याचा विचार विद्यापीठ अनुदान आयोगाने करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर २२ नोव्हेंबर १९९१ रोजी सांगितले आणि पुढे सुमारे एका तपानंतर आयोगाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम सर्व शाखांच्या पदवी वर्गांसाठी आला. त्यात लेखी परीक्षेला ७५ आणि क्षेत्रकार्याला, म्हणजे परिसरात जाऊन केलेल्या पाहणीला व नोंदींना, २५ गुण ठेवलेले होते. ‘सामाजिक प्रश्न आणि पर्यावरण’ हे त्यातील एक स्वतंत्र प्रकरण होते. परंतु समाज असा एका प्रकरणात वेगळा काढून ठेवता येत नाही, हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातून शिवाजी विद्यापीठाच्या परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्याला स्वतःच्या शिवारातच कळते.

कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा या चार नद्यांचे पाणी या तालुक्याच्या वाट्याला येते. नृसिंहवाडीला कृष्णेचे पाणी दत्तपादुकांवरून वाहत मंदिराच्या दक्षिण दाराने बाहेर पडले की दक्षिणद्वार सोहळ्याच्या स्नानाला भाविक लोटतात, आणि त्याच नदीने २००५, २०१९ व २०२१ साली गावेच्या गावे घराबाहेर काढली. उन्हाळ्यात पंचगंगेची धार बारीक झाली की वरच्या शहरांचे व उद्योगांचे सांडपाणी आणि जलपर्णी बंधाऱ्यांशी तुंबते, आणि मेलेले मासे पाण्यावर येतात. पर्यावरणाचे अभ्यासक माधव गाडगीळ आणि रामचंद्र गुहा यांनी भोवतालच्या निसर्गावर थेट जगणारे लोक आणि दूरदूरची संसाधने ओढून घेऊ शकणारे लोक असा भेद मांडला आहे. शिरोळमध्ये मात्र एकाच घरातला एक भाऊ नदीच्या पाण्यावर ऊस पिकवतो आणि दुसरा इचलकरंजीच्या कापड उद्योगात पगार मिळवतो, त्यामुळे ही रेघ पुष्कळदा घराच्या उंबरठ्याच्या आतूनच जाते.

या साऱ्यापेक्षा अधिक शिकवून जाते ती क्षारपड जमीन. उपसा सिंचनाने बारमाही पाणी आले, खोल काळ्या जमिनीत ऊस उभा राहिला आणि पाटाने मोकळे पाणी देण्याची सवय लागली. ज्या मातीतून पाण्याचा निचरा मुळातच संथ होतो, तिथे भूजल मुळांपर्यंत वर चढले. उन्हाने वरचे पाणी उडून जाते, खालचे पाणी मातीच्या सूक्ष्म पोकळ्यांतून वर ओढले जाते आणि त्यात विरघळलेले क्षार पृष्ठभागावर उरतात. अशा रानात पांढरा थर पायाखाली चुरचुरतो, ऊस पिवळा व विरळ दिसतो आणि मधल्या मोकळ्या जागेत लव्हाळा माजतो. सोडियम वाढून जमीन चोपण झाली की ओली असताना ती पायाला चिकटते, वाळली की दगडासारखी होते. विद्यार्थी मातीचा सामू, म्हणजे आम्ल-विम्लतेचे मोजमाप, आणि विद्युत वाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा अंदाज, प्रयोगशाळेत काढू शकतो. इथपर्यंतचे काम रसायनशास्त्राचे आहे.

उपाय मात्र गावकीत जाऊन पोचतो. जमिनीखाली तीन-चार फुटांवर सच्छिद्र नळ्या पुरून खारे पाणी ओढ्यापर्यंत न्यायचे, ही सच्छिद्र निचरा प्रणाली. शिरोळच्या श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्याने ती गटागटाने राबवली आहे. एकट्या शेतकऱ्याला ती सहसा जमत नाही, कारण त्याच्या रानातले पाणी उताराच्या दिशेने दुसऱ्याच्या रानातूनच जाणार. त्यामुळे संमती लागते, कर्जाचा हिशेब लागतो, बांधावरून जुने वैर असलेल्या दोघांना एका मुख्य नळीवर आणावे लागते, आणि ज्याची जमीन अजून चांगली आहे त्याने खर्चात का यावे, या प्रश्नालाही उत्तर द्यावे लागते. क्षेत्रकार्याच्या वहीत सामूच्या आकड्याशेजारी या वाटाघाटी नोंदवल्या गेल्या, तरच क्षेत्रकार्याच्या गुणांना अर्थ आहे, आणि त्या नोंदवण्याची मुभा विद्यार्थ्याला मिळायलाच हवी.

त्यापुढचा प्रश्न खाली वाहत जातो. जमिनीतून धुऊन निघालेले क्षार ओढ्यातून कृष्णेत उतरतात, आणि कृष्णा राजापूरच्या बंधाऱ्यावरून कर्नाटकात जाते, जिथली गावेही हेच पाणी पितात आणि याच पाण्यावर ऊस लावतात. ओढ्याच्या तोंडाशी आणि बंधाऱ्यापाशी दर महिन्याला पाण्याची वाहकता मोजत राहणे हे तालुक्यातल्या महाविद्यालयांच्या आवाक्यातले काम आहे, आणि त्यासाठी वर्गाबाहेर पडण्याला वेळापत्रकात जागा हवी.